उष्टी उत्तरं

मे महिन्यातली दुपार होती आणि मी राजसला घेऊन लखनौच्या हजरतगंजला कॉम्प्युटरचा पंखा आणायला गेले होते. काम साधंच. आमच्या प्रयोगशाळेतल्या मोठ्या मशीनचा एक पंखा घरघरायला लागला होता आणि स्टोअरमधून नवा यायचा म्हणजे पावसाळा संपला असता. बाहेर लू, तो उत्तरेतला तापलेला वारा, अशी होती की ओढणी तोंडाला गुंडाळूनही दातांखाली धूळ करकरत होती. मेट्रोच्या जिन्याच्या सावलीत थांबलो तेव्हा राजस म्हणाला, "मैम, पंखे से कुछ नहीं होगा. मशीन ठीक है. गड़बड़ हमारे प्रोग्राम में है."

"माहीत आहे," मी म्हटलं. "पण पंखा तरी आपल्या हातातला आहे."

राजस माझा प्रोजेक्टवरचा मदतनीस. वडील हवाई दलातून निवृत्त होऊन सरोजिनी नगरला राहिलेले, आई चंद्रप्रभाबाई कोल्हापूरच्या. पोरगा इथेच वाढला, त्यामुळे मराठी सगळं कळायचं पण उत्तर हिंदीतून यायचं. अंगाने भरलेला, हसरा, खाण्याचा शौकीन. मी मिरजेची. नवरा नोकरीमुळे पुण्यात, मी संस्थेच्या क्वार्टरमध्ये एकटी. दुपारचा डबा आम्ही दोघं प्रयोगशाळेतच एकत्र खायचो. एकत्र म्हणजे एका टेबलावर, आपापल्या डब्यातून. मला उष्ट्याची किळस लहानपणापासूनची आहे. कोणी माझ्या पेल्याला तोंड लावलं तर मी तो पेला पुन्हा घासल्याशिवाय वापरत नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं नीट कळेल.

आमचं काम शारदा नदीच्या पुराचं. वर पहाडात पाऊस झाला की खालच्या कोणत्या गावात पाणी कधी शिरेल हे आधी सांगणारा प्रोग्राम आम्ही लिहिला होता. उत्तरं बरोबर यायची, पण फार उशिरा यायची. गावात पाणी शिरून गेल्यावर पाणी शिरणार म्हणून सांगून काय उपयोग? म्हणून राजसने नदीचे आठ तुकडे केले आणि आठ तुकड्यांचं गणित एकाच वेळी चालेल असं केलं. आणि झालं उलटंच. आठ जण मिळून करायला लागले तर एकट्यापेक्षा जास्त वेळ लागायला लागला. का, ते आम्हाला कळेना. संस्थेत विचारण्यासारखं कोणी नव्हतं.

मग इंटरनेटवर विचारायला सुरुवात केली, आणि तिथे मला पहिल्यांदा शिसारी आली, भुताखेतांच्या कितीतरी आधी. एका मोठ्या साइटवर आमचा प्रश्न चहा निवायच्या आत बंद झाला. 'हे आधी विचारून झालंय' असा शिक्का, आणि खाली ज्या जुन्या प्रश्नाचा दुवा दिला होता त्याचा आमच्या प्रश्नाशी काही संबंध नव्हता. दुसऱ्या ठिकाणी लोक आमचा प्रश्न बाजूला ठेवून कोणती भाषा श्रेष्ठ यावर एकमेकांच्या आयाबहिणी काढत बसले. तिसरीकडे एकाने लिहिलं, मोठं मशीन घ्या. चौथीकडे कोणी मला एकटीला निरोप पाठवला, त्यात प्रोग्रामचा उल्लेखसुद्धा नव्हता. तो निरोप मी राजसला दाखवला नाही.

पंखा आणला त्याच आठवड्यात राजस म्हणाला, "मैम, सही जगह मिल गई."

छोटासा फोरम होता. पांढऱ्यावर काळी अक्षरं, चित्र नाही, जाहिरात नाही. मी जुने प्रश्न वाचत गेले आणि मन भरून आलं. काय एकेक प्रश्न, आणि काय शांत, सविस्तर उत्तरं. आधी मोजा, मोजलेलं दाखवा, काय करून पाहिलं ते सांगा, मग विचारा, असा तिथला नियम. राजसने दोन दिवस खपून प्रश्न लिहिला. सभासद करून घेतानाच तिथल्या लोकांनी आमचं एवढं स्वागत केलं की मला अवघडल्यासारखं झालं. 'बरं झालं आलात.' 'तुमचीच वाट पाहत होतो.' श्रीरंग नावाचे एक मराठी गृहस्थ तो फोरम चालवायचे. त्यांनीही लिहिलं, 'तुमच्यासारखी नवी माणसं आम्हाला हवीच आहेत.'

स्वागत सगळ्यांनी केलं. प्रश्नाला मात्र एकानेही हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही डबे उघडत होतो तेव्हा उत्तर आलं. मराठीतून. खाली नाव होतं, धैर्यशील.

'विभाताई, राजस, जेवलात का?'

लखनौमध्ये राहून मला इतकी वर्षं झाली, पण अनोळखी माणसाने आधी जेवणाची चौकशी केली असं कधी झालं नव्हतं. मी हसले. राजसने एका हाताने टाइप केलं, 'बस बैठ रहे हैं सर. माँ ने भरवां करेले भेजे हैं.' मीही मागून सांगितलं, "लिही, माझ्याकडे शेपूची भाजी आणि पोळी." त्याने लिहिलं.

थोड्या वेळाने खरं उत्तर आलं. 'तुमचे आठ जण हिशोब वेगळा ठेवतात, पण ठेवतात एकाच ताटात. मशीनच्या दृष्टीने ते एक ताट आहे. एकाने त्यात बोट बुडवलं की बाकीच्यांच्या हातातला घास उष्टा होतो. तो टाकून त्यांना पुन्हा नवा घ्यावा लागतो. दिवसभर ते तेवढंच करताहेत. प्रत्येकाला वेगळं ताट द्या.'

राजस खुर्चीवरून उठलाच. आठही आकडे मेमरीत शेजारीशेजारी बसले होते, ते त्याने लांब लांब नेऊन ठेवले. जेमतेम चार ओळींचा बदल. प्रोग्राम सुटला आणि संध्याकाळपर्यंत जे व्हायचं ते आमच्या डोळ्यांदेखत होऊन गेलं. राजसने मला टाळी दिली. मीसुद्धा दिली.

मग जेवायला बसलो. माझ्या वरच्या पोळीला एक घास तोडलेला होता.

हाताने तोडलेला नव्हता, दातांनी. कडेला अर्धा चंद्र, मध्ये एक दात नसल्यासारखी फट, आणि कड ओली. शेपूच्या भाजीत कोणी तोंड घालून वर काढावं तसा खळगा होता आणि त्यातून लाळेची तार डब्याच्या काठापर्यंत आली होती. राजसच्या कारल्यांपैकी एकाचं पोट फुटून मसाला चाटून घेतलेला.

"बंदर," राजस म्हणाला.

"खिडक्या बंद आहेत."

त्याने खिडक्यांकडे पाहिलं. लूमुळे आम्ही सकाळपासून त्या लावून घेतल्या होत्या आणि कूलर दाराजवळ ठेवला होता. त्याच्या वाळ्याच्या ओल्या वासात आता आणखी एक वास मिसळला होता. कित्येक दिवस पोटात काही नसलेल्या माणसाचं तोंड उघडलं की येतो तसा. आंबूस, पित्ताचा, कोमट. मी बेसिनकडे धावले. डबा तसाच कचऱ्यात टाकला, नुसतं अन्न नाही, डबासुद्धा.

राजसने उरलेली कारली खाल्ली. मला ते तेव्हाच खटकायला हवं होतं.

पुढच्या दिवसांत धैर्यशीलने आम्हाला पुष्कळ शिकवलं. आमचं नदीचं पात्र आम्ही आडवं मांडून उभं वाचत होतो, म्हणून मशीनला उगाच हेलपाटे पडत होते. 'पंगतीत ओळीने वाढत जायचं, राजस. या पानावरून उडी मारून त्या पानावर नाही.' तसं केलं आणि वेळ आणखी घटला. प्रत्येक उत्तराआधी त्याचा तोच प्रश्न. आज काय आणलंय? मी दुसऱ्या दिवसापासून सांगायचं बंद केलं. माझा डबा पुन्हा कधी कोणी चाखला नाही. राजस सांगत राहिला, त्याच्या डब्यात रोज ओला खळगा पडत राहिला.

एकदा उत्तराच्या शेवटी धैर्यशीलने लिहिलं, 'आईंना सांग, आज आमटीत मीठ नाही.'

डब्याचं झाकण अजून लावलेलं होतं. मी राजसच्या आधी ते उघडलं, किळस बाजूला ठेवून चमच्याच्या टोकाने आमटी जिभेला लावली. अळणी. बाहेर जाऊन चंद्रप्रभाबाईंना फोन केला.

"काकू, आज आमटीत मीठ घातलंत का?"

"अगं, आत्ताच मला आठवलं बघ. गॅस संपला त्या गडबडीत राहिलंच. राजस रागावला का?" मग आवाज उतरवून म्हणाल्या, "विभा, तो घरी रात्री काही खात नाही गं. म्हणतो दुपारचं पोट भरलंय. पण डबा बघितलास तू? परत येतो तेव्हा घासायला काही उरलेलंच नसतं. कुत्र्याने चाटल्यासारखा लख्ख असतो. आणि पोरगा बघ कसा झालाय."

पोरगा कसा झालाय ते मी बघत होतेच. मनगटं वाळली होती. शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल पडायची.

मी त्याला समोर बसवलं आणि सगळं स्पष्ट बोलले. त्याने ऐकून घेतलं. घाबरला नाही हेच मला भीतीचं वाटलं.

"मैम, वो बस भूखे हैं," तो म्हणाला. "और इतना सिखाते हैं. थोड़ा खा लिया तो क्या."

"तुला घाण वाटत नाही?"

तो विचारात पडला. "पहले दिन लगी थी."

मला एक उपाय सुचला. आता आठवून हसू येतं, पण तेव्हा तो शहाणपणाचाच वाटला. भूक आहे ना, मग स्वतंत्र वाढू. मी घरून वरणभात, तूप, बटाट्याची भाजी, लिंबाची फोड असं केळीच्या पानावर साग्रसंगीत आणलं आणि टेबलाच्या रिकाम्या बाजूला मांडलं. राजसला म्हटलं, तू नंतर खा. आम्ही बसून राहिलो. भात सुकला. तूप भातात जिरून गेलं. पानाला कोणी शिवलं नाही. शेवटी स्क्रीनवर एक ओळ आली.

'विभाताई, राग मानू नका. वेगळ्या ताटात मला जेवता येत नाही.'

त्यानंतर मी राजसला फोरम उघडू नकोस म्हणून बजावलं. त्याने मान डोलावली. प्रोग्रामचं आता एकच दुखणं उरलं होतं. आठांपैकी ज्यांचं गणित आधी संपायचं ते सर्वांत मंद असलेल्यासाठी खोळंबून राहायचे. ते मी स्वतः सोडवीन असं ठरवून मी आपल्या खोलीत बसायला लागले.

एका दुपारी कागद न्यायला प्रयोगशाळेकडे गेले. दाराला काचेची चौकट आहे. आत भरपूर उजेड होता, खिडक्यांच्या जाड काचांमधून दुपारचं ऊन टेबलावर पडलेलं. राजस डबा उघडून बसला होता. त्याने एक घास घेतला, चावला, गिळला. मग हात मांडीवर ठेवून थांबला, एखाद्याची पाळी असावी तसा. आणि डब्यातला भात समोरच्या बाजूने खाली बसला. हळूहळू, ओला होत. मशीनच्या पंख्याच्या आवाजाखाली मचमच ऐकू येत होती, दात कमी असलेल्या तोंडाची, मिटक्यांची, लाळ ओढून घेतल्याची. मग ती थांबली. राजसने त्याच ओल्या जागेत बोटं घातली, तिथलाच घास उचलला आणि तोंडात टाकला. त्याच्या चेहऱ्यावर किळस नव्हती. आवड होती.

मी दार उघडलं नाही. मी संडासात जाऊन ओकले, तोंड धुतलं, पुन्हा धुतलं, आणि तिथूनच श्रीरंगांचा नंबर शोधून फोन लावला.

त्यांचा आवाज चांगला होता. सुसंस्कृत, वयस्क, पुण्याकडचा. मी नाव सांगितल्यावर ते म्हणाले, "हां, विभाताई. बोला. प्रोग्राम कसा चाललाय?"

"धैर्यशील कोण आहे?"

त्यांनी घसा साफ केला. "सभासद नाहीत ते. आम्ही कधी करून घेतलं नाही. पण... येतात."

"कुठून?"

"ते कोणालाच माहीत नाही. आधीच्या फोरमवरही होते. आम्ही जागा बदलली तरी आले. ज्ञान अफाट आहे त्यांचं. इथली निम्मी उत्तरं मुळात त्यांचीच आहेत. आम्ही ती आपल्या शब्दांत लिहून ठेवली."

"आणि तुमच्या ताटात...?"

"माझ्या ताटात अडीच महिने," ते म्हणाले. मग अगदी सहज पुढे म्हणाले, "नवीन माणूस आला आणि त्याने आपल्या तोंडाने सांगितलं की डब्यात काय आहे, की ते आधीच्याच्या ताटावरून उठतात. तुम्ही आल्यापासून माझं जेवण पुन्हा सुरळीत आहे. वजन वाढलंय. तुमचे आभार मानायचे राहून गेले होते."

मी वाहता नळ बंद केला.

"तुम्ही आम्हाला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर आला असतात?" ते म्हणाले. "हे बघा, काही दिवसांत कोणी ना कोणी नवं येईल. चांगला प्रश्न घेऊन येईल. तुमच्या राजसने फक्त त्याची विचारपूस करायची. एक ओळ. बाकी सगळं आपोआप होतं."

मी फोन बंद केला. आजवर त्या लाळेची, त्या वासाची मला जेवढी किळस वाटली होती त्यापेक्षा त्या स्वच्छ, शुद्ध बोलणाऱ्या आवाजाची जास्त वाटली. आमचं स्वागत करणारी ती सगळी माणसं डोळ्यांसमोर आली. बरं झालं आलात. तुमचीच वाट पाहत होतो.

नवं माणूस लवकरच आलं. नाव अबोली, मराठी घरातली, कानपूरची, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. प्रश्न सुरेख लिहिलेला होता. तिच्या प्रोग्रामचं नेमकं कुठे अडतंय हे तिने इतकं नीट मोजलं होतं की वाचून मला कौतुक वाटलं. शेवटी लिहिलं होतं, इतर ठिकाणी सगळ्यांनी हाकलून दिलं, इथे तरी मदत मिळेल अशी आशा आहे.

हे मला राजसच्या स्क्रीनवर दिसलं. मी आत गेले तेव्हा तो तिला उत्तर लिहीत होता. 'वेलकम अबोली. खाना खा लिया? आज क्या...'

"राजस, थांब."

"मैम, बस एक लाइन है."

"श्रीरंगांनी तुलाही सांगितलं?"

"हाँ." त्याचे ओठ फाटले होते. "मैं मर जाऊँगा, मैम. पंद्रह किलो चला गया. माँ रोज़ रोती है."

"माहीत आहे मला."

"तो?"

ती पोरगी मी पाहिलेली नव्हती आणि हा माझ्यासमोर वाळून चालला होता. खरं सांगते, मी काही क्षण नुसती उभी राहिले. त्या क्षणांत त्याने बटण दाबलं असतं तर कदाचित मी त्याला अडवलं नसतं. पण त्याने माझ्याकडे पाहिलं. परवानगीसाठी पाहिलं. आणि मग मला ती द्यायला जमलं नाही.

"नाही," मी म्हटलं. "तिच्या ताटात नाही."

मी कीबोर्ड ओढून घेतला, लिहिलेलं पुसलं, आणि भिंतीतून इंटरनेटची वायर काढून टाकली. फोरमचं पान गोठल्यासारखं तसंच राहिलं. मग त्याच पानावर, वायर माझ्या हातात लोंबत असताना, अक्षरं उमटली.

'सगळ्यांचं होईपर्यंत पंगतीतून उठू नये, विभाताई.'

कोमट वास माझ्या मानेवर आला. मी मागे पाहिलं नाही. मशीनचं मुख्य बटण दाबून धरलं. पंखे एकेक करून थांबत गेले, आणि त्या शांततेत मचमच मात्र चालू राहिली, अगदी जवळ, राजसच्या खुर्चीपाशी. मला कळायला वेळ लागला की आवाज त्याच्या तोंडातून येत होता. त्याचं तोंड मिटलेलं होतं.

मी त्याला धरून उभं केलं आणि फरफटत बाहेर नेलं. ऊन असं होतं की डोळे मिटले. गुलमोहराखाली तो गुडघ्यांवर बसला आणि ओकायला लागला.

ते मी पाहिलं, आणि आजही जेवताना कधी मध्येच ते आठवलं की मी ताट बाजूला सारते. चंद्रप्रभाबाईंचा डबा त्यात नव्हताच. कढीपत्ता आणि सांबारातल्या शेवग्याच्या शेंगा होत्या. माशाचे काटे होते, मोहरीच्या पिवळ्या रश्श्यात लडबडलेले. राजसने जन्मात मासा खाल्लेला नव्हता. साबुदाणा, शेवया, कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक, गुलाबी क्रीमसकट. कुठल्या कुठल्या घरांतलं, किती जुनं कोण जाणे, सगळं अर्धवट चावलेलं. एवढ्याशा शरीरातून ते येतच राहिलं. मी त्याचं कपाळ धरून होते आणि माझ्या पायांवर ते उडत होतं. शेवटी नुसतं पाणी आलं. मग तो म्हणाला, "मैम, भूख लगी है," आणि रडायला लागला.

चंद्रप्रभाबाई रिक्षा करून आल्या. पदराने त्याचं तोंड पुसलं आणि घेऊन गेल्या. मी पाइपने अंगण धुतलं. मुंग्यांनी त्या जागेला वळसा घातला होता.

राजस पुन्हा त्या खोलीत आला नाही. मी येऊ दिलं नाही. घरी महिनाभर पेजेवर राहिला, मग भातावर आला. आषाढ संपेपर्यंत गालांवर मांस धरलं. आता तो बापाच्या मित्राबरोबर मलिहाबादला आंब्याच्या बागांचं काम बघतो, कॉम्प्युटर उघडत नाही. भेटला की हसतो. बाकीचं आम्ही बोलत नाही.

प्रोग्रामचं शेवटचं दुखणं मी एकटीने काढलं. गचाळ निघालं, पण निघालं. त्या पावसाळ्यात शारदेकाठच्या गावांना आम्ही वेळेवर सांगू शकलो. लोक गुरं घेऊन बांधावर गेले. त्या रात्री आलेल्या पाण्याच्या बातम्या मी वाचल्या आणि त्यातले आकडे कोणाच्या उष्ट्या उत्तरांवर उभे आहेत हे मला माहीत होतं. तरी मी ते वापरले. आजही वापरते.

अबोलीचं मात्र मनातून जाईना. फोरमवर तिला कोणी उत्तर दिलं नव्हतं. सगळे फक्त स्वागत करत होते. मी तिचा पत्ता शोधून तिला थेट ई-मेल लिहिली. तिचा प्रश्न माझ्या आवाक्याबाहेरचा होता. पुस्तकं काढली, रात्रंदिवस डोकं फोडलं, आणि जे सापडलं ते, धैर्यशीलने शिकवलेलंही धरून, सगळं माझ्या शब्दांत लिहून पाठवलं. खाली लिहिलं, त्या फोरममधून बाहेर पड, आणि तू काय जेवतेस ते तिथे कोणी विचारलं तर सांगू नकोस. कारण लिहिलं नाही. काय लिहिणार होते?

तिचं उत्तर पुढच्या आठवड्यात आलं. मराठी मोडकंतोडकं, मध्येमध्ये हिंदी.

'विभाताई, आपने जो बताया ते एकदम बरोबर निघालं. प्रोग्राम उडतोय. मी फोरम सोडला. कोणाला काही सांगितलं नाही, प्रॉमिस. एक विचारायचं होतं, आमच्या घरी कोणाला माहीत नाही. तुमचं पत्र वाचता वाचता मी जेवायला बसले होते. ताट जमिनीवर ठेवून पाणी आणायला गेले आणि परत आले तर हे होतं. फोटो पाठवते. यह कोई मराठी रिवाज है क्या?'

फोटो मी बराच वेळ उघडला नाही. मग उघडला.

फरशीवर स्टीलचं ताट होतं, वरणभात वाढलेलं. ताटाभोवती पाण्याचं एक गोल कडं होतं, कुठेही न तुटलेलं, अगदी सराईत हाताने फिरवलेलं. आणि ताटाच्या उजव्या अंगाला, पाण्याच्या ओळीबाहेर, भाताची चार बारीक शितं एकाखाली एक मांडलेली होती. माझे आजोबा चित्राहुती मांडायचे तशी, जेवायला सुरुवात करण्याआधी.